मॉरिसव्हिलचा दुष्काळ

मॉरिसव्हिलमध्ये दुष्काळ पडल्याची बातमी सगळ्यांत आधी स्वीडनला कळली.

मंगळवारी सकाळी वल्लरीनं मेल उघडली, तर तिच्या सर्वेक्षणाचे आकडे बघून स्वीडनच्या प्रोफेसर निल्सन यांनी मोठ्या काळजीनं विचारलं होतं : तुमच्या वस्तीतली साठीच्या पुढची चाळीस माणसं दिवसाला सरासरी सातशे नव्वद कॅलरींवर जगत आहेत, तर त्यांच्यापर्यंत अन्नाची मदत पोचते आहे का? काउंटीच्या आरोग्य खात्याला कळवलं आहे का? वल्लरीनं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या घरी त्या दुष्काळग्रस्तांपैकी दोघं, अनिलकाका आणि वीणाकाकू, गाडीच्या डिकीतून बासमतीचं वीस पौंडांचं पोतं उतरवत होते. पोत्यावर आंब्याची पेटी होती आणि पेटीवर फरसाण.

वल्लरी अकोल्याची, शिक्षणानं दातांची डॉक्टर. दाढा उपटता उपटता तिच्या डोक्यात आलं की दाढ किडण्याआधीच काही करता आलं तर? त्या एका प्रश्नापायी ती ग्लोबल हेल्थच्या मास्टर्सला आली. पहिलं सत्र स्वीडन, दुसरं इथे, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, तिसरं युगांडा. एका पदवीला तीन विद्यापीठं, तीन व्हिसा आणि एकच जाड स्वेटर. तिसऱ्या सत्रात कंपालामध्ये लहान मुलांच्या पोषणाचं काम होतं आणि त्यात एकच जागा उरली होती. ती वल्लरीला हवी होती, म्हणजे अगदी हवीच होती. तिनं तिथल्या भाषेतले ऐंशी शब्द पाठ केले होते, त्यातले साठ खाण्याचे होते. शनिवारी सकाळी तिन्ही विद्यापीठांच्या प्राध्यापकांपुढे तिला आपलं सर्वेक्षण मांडायचं होतं. आकडे पटले तर कंपाला, नाही तर उरलेलं सत्र इथल्याच वाचनालयात.

सर्वेक्षण तसं साधं होतं. वीस मराठी जोडप्यांना गाठायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं? वल्लरी चंद्रशेखरकाका आणि रेखाकाकूंच्या घरी, गॅरेजवरच्या खोलीत राहायची. काका चाळीस वर्षं इथे हृदयाचे डॉक्टर होते, आता निवृत्त. त्यांनी उत्साहानं सगळं अंगावर घेतलं. "मराठी मंडळाच्या पिकनिकला टेबल टाकू. मी शेजारी बसतो, म्हणजे लोक ट्रस्ट करतील."

लोक आले, रांग लावून आले. आणि तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली. कारण त्यातल्या निम्म्यांची छाती काकांनी स्वतः तपासलेली होती. ज्यानं वीस वर्षं तूप सोडायला सांगितलं, तोच समोर पेन घेऊन बसलेला. मग खरं कोण बोलणार?

"सकाळी फक्त चहा. बिनसाखरेचा."

"दुपारी अर्धी पोळी."

"अर्धी?" वल्लरीनं विचारलं. "आणि उरलेली अर्धी?"

"ती ह्यांनी."

ह्यांच्या फॉर्मवर मात्र ती अर्धी कुठेच नव्हती. चाळीस माणसांनी मिळून दिवसभरात साडेतीन चमचे तूप खाल्लं. साखर तर कोणाच्या घरातच नव्हती. माणसं हसली की वल्लरीला त्यांच्या दाढांत खरं उत्तर दिसत होतं, पण दाढा काही फॉर्मवर लिहिता येत नाहीत. स्वतः काकांनी लिहून दिलं होतं : उकडलेले मूग, काकडी, ताक. एकूण सहाशे बारा.

मेल घेऊन ती धावतच खाली स्वयंपाकघरात आली. काका म्हणाले, "त्या स्वीडनवाल्यांना काय कळतंय? आपला मेटाबॉलिझमच वेगळा असतो."

रेखाकाकू कणीक मळत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"मेटाबॉलिझम? अहो, आणि गॅरेजमधल्या गोल्फच्या बॅगेत शंकरपाळ्यांचा डबा कोणाचा आहे?"

काकांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

"काल दोनदा गॅरेजमध्ये गेलात. टायरची हवा बघायला म्हणे! मी डबा उचलून बघितला, निम्मा रिकामा."

"हो का?" काकांनी पेपर खाली टाकला. "आणि तू? भांडी आवरताना श्रीखंडाचा डबा 'पुसून' कोण काढतं? चमच्यानं?"

"ते वाया जाऊ नये म्हणून!"

"नवा डबा वाया कसा जाईल, रेखा?"

दोघं एकमेकांचं पितळ उघडं पाडत सुटले. चिवडा निघाला, आमरस निघाला, नातीच्या वाढदिवसाच्या केकचे फ्रीझरमधले तीन तुकडे निघाले. आणि वल्लरी मधल्या मधे उभी राहून कागदाच्या पिशवीच्या पाठीवर भराभरा लिहीत होती, कारण उभ्या आयुष्यात इतकी अचूक माहिती तिला कोणी दिली नव्हती. वार, वेळ, वाटीचं माप, सगळं तयार. स्वतःबद्दल कोणी सांगत नाही; पण नवऱ्यानं काय खाल्लं हे बायकोला आणि बायकोनं काय खाल्लं हे नवऱ्याला घासागणिक पाठ असतं! ती जागच्या जागी उडीच मारणार होती. मारलीच.

तिनं कंपालाच्या प्रोफेसर नाकाटो यांना पद्धत बदलायची परवानगी मागितली. दुपारच्या आत उत्तर आलं : बदला, पण दोघांची लेखी संमती घ्या, दोघांना वेगळं बसवा आणि डॉक्टरांना घरी ठेवा. संमती मिळायला काहीच अडचण आली नाही. वल्लरीनं प्रत्येकाला दोनदा बजावलं, की तुमच्याबद्दलही विचारणार आहे बरं का. पण जोडीदाराबद्दल बोलायला मिळणार या आनंदात सगळ्यांनी मान डोलवली आणि सही ठोकली.

बुधवार ते शुक्रवार ती घरोघर फिरली. तिला इतकं हसू येत होतं की पेन धरवत नव्हतं.

"हे वॉकला जातात," वीणाकाकू म्हणाल्या. "चौकातल्या समोशाच्या दुकानापर्यंत जातात आणि तिथून वॉक करत परत येतात."

दुसऱ्या खोलीत अनिलकाका म्हणाले, "वीणा खात नाही. ती चव बघते. काल बासुंदीची चव सात वेळा बघितली. मी मोजलंय."

एका काकांनी तर फोनमधले फोटो दाखवले. शुक्रवारी संध्याकाळी सरासरी निघाली दोन हजार सहाशे चाळीस. मॉरिसव्हिलमधला दुष्काळ हटला होता.

शनिवारी सकाळी आठला वल्लरी खालच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली, कारण वरच्या खोलीत वायफाय अडखळायचं. काका-काकूंना तिनं हात जोडून सांगितलं होतं, स्वयंपाकघरात थांबा आणि आवाज करू नका. सादरीकरण झकास झालं. चव बघण्याच्या तक्त्यावर प्रोफेसर निल्सन चक्क हसले. वल्लरीला वाटलं, झालं, आता विमानच.

मग प्रोफेसर नाकाटो यांनी चष्मा वर केला.

"जोडप्यांचं छान जमलं. पण जो एकटा राहतो, त्याचं खरं कोण सांगणार?"

वल्लरीनं याचा विचारच केला नव्हता.

"नियमानं पहिला चाचणीचा फॉर्म तू स्वतःचा भरला आहेस," त्या पुढे म्हणाल्या. "सकाळी उपमा. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात. संध्याकाळी खिचडी आणि सॅलड. बरोबर दोन हजार. तू एकटी राहतेस. हा मी खरा मानू?"

हो म्हटलं की जागा तिची होती. तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं.

"नो, नो, मॅडम," रेखाकाकू उलथनं हातात घेऊन कॅमेऱ्यात शिरल्या. "शी इज लाइंग!"

"काकू!" वल्लरी किंचाळली.

पण काकू आता थांबणार नव्हत्या. त्यांनी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली आणि इंग्रजी अपुरं पडलं तिथे मराठीत सांगितलं. पहिली गोष्ट, ही एकटी राहत नाही, आमच्या डोक्यावर राहते. दुसरी गोष्ट, दर गुरुवारी रीसायकलिंगच्या डब्यात हिची दुधात घालून खायच्या त्या सीरियलची तीन खोकी असतात, ती मी मोजते. सोमवारी सीरियल. मंगळवारी सीरियल, तेही उभ्यानं. बुधवारी चार वाजेपर्यंत काही नाही, मग दोन केळी. "मी रोज विचारते, जेवलीस का? ही म्हणते, जेवले, काकू. आम्हाला त्रास नको म्हणून! आता ह्या मुलीला काय म्हणावं?"

शेवटचं वाक्य त्या मराठीत म्हणाल्या आणि त्यांचा आवाज कापला. वल्लरीला लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं भरून आलं की डोळे पुसायचंही सुचलं नाही. कोणीतरी आपली खोकी मोजत होतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "फॉर्म खोटा आहे, मॅडम. आईला फोनवर जे सांगते, तेच लिहिलं."

प्रोफेसर नाकाटो यांनी चष्मा काढला आणि अशा खो-खो हसल्या की प्रोफेसर निल्सन दचकले.

"माझी आई अजून फोनवर विचारते आणि मीही तिला असंच खोटं सांगते," त्या म्हणाल्या. "तो फॉर्म रद्द कर, या बाई सांगतात तो लिही. आणि ऑगस्टमध्ये कंपालाला ये. प्रत्येक गल्लीत अशी एक बाई शोधायची, हे तुझं पहिलं काम."

वल्लरीनं काकूंना अशी मिठी मारली की उलथनं काकांच्या पायावर पडलं.

"ऑगस्टला अवकाश आहे," काकू नाक पुसत म्हणाल्या. "आधी बस. थालीपीठं गार होताहेत."

वल्लरीनं लोण्यासकट साडेचार थालीपीठं खाल्ली. मग अकोल्याला फोन लावून आईला जसंच्या तसं खरं सांगितलं. आईचा काही विश्वास बसला नाही.