हात उचलत नाही

बारामतीच्या डॉक्टरांनी फायलीवर एकच ओळ लिहिली होती : ‘उजवा हात उचलत नाही.’ ती वाचून मला हसू आलं. नवऱ्याच्या दुखण्यावर हसणारी बाई म्हणून कंपाउंडरनं माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. पाहू दे. त्याच सकाळी त्याच हातानं माझ्या कानाखाली जाळ काढला होता, आणि कान अजून वाजत होता.

माझे मालक महिपती. निमगाव केतकीत आमचा विड्याच्या पानांचा मळा आहे. वेल चढत गेला की हात डोक्याच्या वर नेऊन तो झाडाला बांधावा लागतो. तीन वर्षांपासून ते काम माझ्याकडं आलं, कारण यांचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत ठणकायचा आणि छातीच्या वर जायचा नाही. यांचं ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. उशी दातांत धरून कण्हताना मी यांना पाहिलंय. शर्टाच्या गुंड्या मी लावायची, केस मी विंचरायची, भाकरी कुस्करून पुढं मी ठेवायची. सासूबाई गावभर सांगत फिरायच्या, “माझ्या लेकाचा हात उचलत न्हाय.” आणि आमटीत मीठ कमी पडलं की तोच हात बरोबर उचलायचा. लेक स्वरूपा वसतिगृहात, सासूबाई कानाडोळा करण्यात पटाईत. म्हणजे ही गोष्ट ठाऊक असणारे आम्ही दोघंच.

एक्स-रेचे फोटो झाले, एमआरआय झाला, खांद्यात इंजेक्शनं झाली, हाडवैद्यानं तेल लावून पिळून काढलं. सगळे रिपोर्ट चांगले. शेवटी डॉक्टरांनी बारामतीतल्याच राजलक्ष्मी मॅडमकडं पाठवलं. पाटीवर ‘मानसोपचार’ वाचून हे दारातच अडले.

“मी येडा हाय व्हय?”

मॅडम वयानं लहान, पण दबणाऱ्यातल्या नव्हत्या. “तुमचं दुखणं खरं आहे,” त्या म्हणाल्या. “हाड मोडलेलं नाही, शीर दबलेली नाही, तरी खरं आहे. वस्तीवर एकदा चोर येऊन गेला की कुत्रं पुढं महिनाभर पाचोळा वाजला तरी भुंकतं. तुमच्या अंगाचं तसं झालंय. चोर कोण होता ते शोधू, मग कुत्र्याला हळूहळू शांत करू.”

तीन वर्षांत यांनी कुणाचं पुरतं ऐकून घेतलं ते तेव्हाच.

मॅडमनी एक वही दिली. रोज लिहायचं : कधी दुखलं, शून्य ते दहात किती दुखलं, त्याआधी काय झालं. यांना हातात पेन धरवत नव्हतं, म्हणून हे म्हणाले, “ही लिवंल.” आणि मी काय लिहिते ते पंधरा दिवसांत एकदाही विचारलं नाही. बाई हिशेब ठेवते तो दळणाचा आणि दुधाचा, एवढंच यांना माहीत.

मी ठरवलं, पदरचं घालायचं नाही आणि झाकायचंही नाही. पहिल्या दिवशी लिहिलं : ‘सकाळी आठ. थोरले दीर अप्पा मोटरसायकलवरून रस्त्यानं गेले. दुखणं नऊ.’ दुसऱ्या दिवशी : ‘सासूबाईंनी अप्पांचं नाव काढलं. दुखणं आठ.’ गुरुवारी लिहायला बसले तेव्हा ओठ फुटलेला होता आणि वहीवर रक्ताचा थेंब पडला. तो पुसला नाही. लिहिलं : ‘दुपारी एक. मला मारलं. आधी तांब्यानं, मग बुक्क्यांनी. उजव्या हातानं. त्यानंतर दुखणं शून्य. दोन भाकरी खाल्ल्या आणि झोपले.’

पंधरा दिवसांत असं शून्य चार वेळा आलं. चौथ्या वेळी माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं होतं. ते लिहिताना मला रडू आलं नाही, इतका राग आला की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. जे दुखणं मी तीन वर्षं जपलं, त्याचं औषध मीच होते. यांनी मला गोळीसारखं वापरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सुप्याला भाऊ अविराजला फोन केला. “बारामतीला गाडी घेऊन ये,” म्हटलं. “मला न्यायला. कशाला ते तवा सांगते.”

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मॅडमनी वही वाचली आणि आधी यांना बाहेर बसवलं. दार लावून त्यांनी मला विचारलं, “घरी तुमच्या जिवाला धोका आहे का?”

“आज मी घरी जात न्हाय. भाऊ खाली गाडीत बसलाय.”

“मग हे आता त्यांच्यासमोर काढायलाच हवं असं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर ही पानं मी बंद ठेवीन.”

“वाचा,” मी म्हटलं. “मला त्यांचं तोंड बघायचंय.”

त्यांनी दार उघडंच ठेवलं, आपल्या कंपाउंडरला बाहेर दाराशी उभं केलं आणि यांना आत बोलावलं. पण आधी त्यांनी अप्पांचं विचारलं. हे जमिनीकडं बघत सांगू लागले. तीन वर्षांमागं बांधावरून भांडण झालं होतं. पानं न्यायला आलेल्या व्यापाऱ्यांसमोर अप्पांनी पायातली चप्पल काढून यांना हाणली. एक नाही, सात. गालावर, डोक्यावर, तोंडावर.

“तेव्हा तुमच्या हाताला काय करायचं होतं?”

“अप्पाचं थोबाड फोडायचं हुतं.” यांचा आवाज फुटला. “मूठ हितवर, छातीपत्तुर आली हुती. पण आई म्हनायची, थोरल्यावर हात उचलायचा न्हाय. मग न्हाय उचलला.”

“तो हात अजून तिथंच थांबलाय,” मॅडम म्हणाल्या. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सात चपला खाऊन राग गिळणारा माणूस माझाच होता. आणि मग मॅडमनी ती चार शून्यं वाचली, एकेक करून, तांब्यासकट आणि चौकटीसकट.

हे उठले. खुर्चीला लाथ घातली, ती कपाटावर जाऊन आदळली आणि काच खळ्ळकन खाली आली. “जगाला दाखवतीस व्हय गं? तुला जित्ती सोडत न्हाय,” म्हणत यांनी डाव्या हातानं माझी मानगूट धरली आणि उजवा हात उचलला. पुरता उचलला, डोक्याच्या वर, वेल बांधायला लागतो त्याहून वर.

मी मान खाली घातली नाही. “मॅडम, वही द्या,” मी म्हणाले. “अकरा चाळीस. दुखणं किती?”

कंपाउंडर धावत आला, पण त्याची गरज लागली नाही. यांनी वर बघितलं, स्वतःच्या हाताकडं. तो तिथं काय करतोय हे यांना कळेना. मानगूट सुटली. हात धाडकन खाली आला आणि हे खांदा धरून काचांतच खाली बसले, गुरासारखे ओरडत. तेही खरं होतं. “धा,” हे म्हणाले. मी दहा लिहिलं.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, पण शब्द ठाम होते. “तुमच्यावर उपचार होतील, महिपतराव. अडकलेला राग बोलून मोकळा करता येतो, हातही हलतो. पण बायकोला मारणं हे दुखण्याचं लक्षण नाही. ते तुम्ही करता.”

मी वही यांच्या मांडीवर ठेवली आणि जिना उतरले. अविराजनं दार उघडलं तेवढ्यात हे मागून आले. झटापटीत शर्टाची वरची गुंडी सुटली होती. माझ्यासमोर येऊन यांनी रोजच्यासारखी हनुवटी वर केली.

“गुंडी लाव. लोकं बघत्यात.”

माझा हात निघालासुद्धा. तीन वर्षांची सवय, ती मला विचारून थोडीच येते. पार गळ्याजवळ गेल्यावर मी तो मागं घेतला.

“तू गेल्यावर गुंड्या कोन लावनार?” यांनी विचारलं.

“हात उचलतोय की तुमचा,” मी म्हटलं. “वर सगळ्यांनी बघितला.”

गाडी सुप्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मला आरशात हे दिसत होते. डाव्या हातानं उजवा हात धरून ते गळ्यापर्यंत नेत होते.