हप्त्याले दोन सुया

दिवाळीपर्यंत पाळणा हलला नाई, तं पंकजसाठी दुसरी पोरगी पाहीन, असं माह्या सासूनं, प्रयागबाईनं, साऱ्या गावात सांगून ठेवलं होतं. लगनाले चार वर्षं झाली. दोष कोणाचा हे कोणी तपासलं काय? नाई. माहाच असन, अजून कोणाचा!

पंकज माहा नवरा. तोंडावर मी त्याले तुमी म्हणते, पण सांगताना अरे-तुरेच करीन, राग अजून गेला नाई. गावच्या पोट्ट्यांनी बाप होत नाई म्हणून टोमणे मारले, तं हा पठ्ठ्या लेकरासाठी आदिलाबादच्या एका जिममधी गेला. तिथं कसरत शिकवणाऱ्या बंडूनं सांगतलं, टेस्टोस्टेरॉन घे, मर्दाचंच औषध होय. हप्त्याले एक सुई. आता पंकज पडला कापूसवाला. पऱ्हाटीले बोंडं कमी दिसली का टॉनिकचा डोस डबल करणारा. त्यानं सुईही डबल केली.

दंड फुगले, शर्टाच्या बाह्या उसवल्या. पाठीवर फोड आले. कपाळ मागं सरकलं. राग तं असा, का भाजीत मीठ कमी म्हणून ताट थेट अंगणात. मंग छातीही सुजली. आरशासमोर तो टॉवेलानं छाती झाकाले लागला, मले मात्र हसू आवरेना. सासू म्हणे, "पोरगा कसा पैलवान दिसून राह्यला! खोट सुनेतच हाय."

शेवटी मीच आदिलाबादले डॉक्टरीणबाईकडं गेली. माह्या साऱ्या तपासण्या चांगल्या निघाल्या. बाई म्हणाली, नवऱ्याले आण. पंकज आला तो भडकूनच. "मले काय झालं? दिसून नाई राह्यलं काय?"

बाईनं त्याच्या दंडाकडं पाह्यलं अन् हिंदीत विचारलं, "इंजेक्शन लेते हो क्या?"

रिपोर्ट आला. शुक्रजंतू शून्य. कमी नाई, शून्य!

बाईनं समजावून सांगतलं. बाहेरून हार्मोन भरला का मेंदूले वाटते माल भरपूर हाय, मंग तो खालचा कारखाना बंद करते. कारखाना आकसतेही. वरून पंकजचं रगत घट्ट झालं होतं, हृदयाले धोका. सुई बंद करा, पण मनानं नाई, मी सांगीन तशी. जंतू परत याले सहा महिने लागतीन, वर्ष लागन, जास्तही. येतीनच अशी हमी नाई.

"म्हंजे पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली अन् बोंड एक नाई," पंकज मराठीतच पुटपुटला. तेलुगू बाईले काई समजलं नाई.

बसमधी तो म्हणे, "घरी नोको सांगू शुभांगी. इज्जत जाईन."

"अन् माही? माही काय पोत्यात भरून ठेवली होती?" सारी बस वळून पाहाले लागली. पाहू द्या म्हटलं. मी रडतही होती अन् शिव्याही देत होती.

दिवाळी झाली. हा स्वतःच सांगन म्हणून मी थांबली, पण त्यानं घरी सांगतलंच नाई. तामसी गावचे धोंडीबा आपल्या पोरीसाठी घर पाहाले आले. सासूनं मलेच चहा कराले लावला. पाहा बाप्पा, सवतीच्या बापाले चहा! रागानं डबा असा उपडा केला का अर्धी साखर चुलीतच सांडली. दारातून पाह्यलं, पंकज खाली मान घालून बसला होता. सुई सुटल्यापासून दंड उतरले होते, बारक्या गोष्टीनं डोळे भरत होते. मी आशा सोडली.

"खोट माह्यात हाय," तो एकदम बोलला. "शुभांगीत नाई. मी सुया टोचल्या, त्यानं सारं बंद पडलं. रिपोर्ट हाय."

धोंडीबानं कप खाली ठेवला, चप्पल घातली अन् रामराम न घालताच बाहेर पडले.

सासूनं पदर डोळ्याले लावला. "पाहा माहा लेक! बायकोले वाचवाले स्वतःवर आळ घेऊन राह्यला!"

"मा, खरं होय वं ते!"

"व्हय रे राजा, व्हय."

मी कपाळावर हात मारला. हिच्यापुढं देवानंही हात टेकले असते.

पंकज चुलीपाशी येऊन माह्या बाजूले बसला. तोंड उतरलेलं, अंग ढिलं. चार वर्षांत पहिल्यांदा मले तो मर्द वाटला. पण सांगतलं नाई. लेकाचा पुन्हा फुगला असता.