कमलआजींचा हात कुठे गेला?

मित्रांनो, मी एक जुनी सरकपट्टी आहे. तिवई आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसते. परळच्या एका गाळ्यात मला ॲल्युमिनियममधून कापून घडवलं, आणि फोटोग्राफर उर्वीने हौसेने घेतलं. सुंदर फोटोंचं कौतुक भिंगाला मिळालं, मला नाही. त्याचा मला राग नाही. राग आहे तो लालबागच्या त्या सकाळचा!

चाळ पाडायची होती. घरं रिकामी करण्याच्या दिवशी सगळी बिऱ्हाडं गॅलरीत उभी राहिली. अख्खी चाळ एका लांब फोटोत हवी होती, म्हणजे कॅमेरा वळवत तुकड्यातुकड्यांनी फोटो काढून ते जोडायचे. उर्वी माणसं उभी करत होती. तेवढ्यात तिचा भागीदार सिद्धांत म्हणाला, "हे लोढणं कशाला? तुकडे सॉफ्टवेअर जोडतं." मला पिशवीत कोंबून त्याने कॅमेरा थेट तिवईवर चढवला.

मित्रांनो, एक डोळा मिटा, बोट नाकासमोर धरा आणि मान वळवा. बोट मागच्या भिंतीवर सरकतं ना? डोळा मानेच्या पुढे असतो म्हणून. भिंगाचंही तसंच. मी कॅमेरा मागे घेऊन भिंग बरोबर कॅमेरा ज्या आसाभोवती वळतो त्या आसावर आणते, तेव्हाच तुकडे जुळतात.

लॅपटॉपवर फोटो उमटला. जवळचा खांब दुभंगलेला! त्याला टेकलेल्या कमलआजींचा हात कोपरापासून नाहीसा.

"माझो हात खंय गेलो?" आजींनी विचारलं.

"एवढ्या गर्दीत कोण बघतंय, आजी?" सिद्धांत हसला.

"मी बघतंय! लगीन होवन इलंय तेव्हापासून ह्याच खांबाकडे उभी रवतंय. उद्या तो नसतलो."

उर्वी संतापली. "सिद्धांत, हसतोस काय? पुन्हा काढायचा!"

तिने मला बसवलं. खांब आणि लांबचा पाण्याचा पाइप एका रेषेत धरले, कॅमेरा वळवला, मला सरकवलं, पुन्हा वळवला. खांब पाइपवरून हलेनासा झाला, तेव्हा माझा स्क्रू आवळला.

या वेळी आजींचा हात पुरता आला. पण पहिल्या फोटोत त्यांच्या शेजारी उभे असलेले कुशाबा आता नव्हते. त्यांना आणि त्यांच्या सामानाला घेऊन टेम्पो तोवर निघून गेला होता. आजी म्हणाल्या, "बाय, कुशाबाक हाक मारूक व्हयी होती."



मित्रांनो, 'चालतंय' म्हणत आम्हा साध्या अवजारांना बाजूला टाकू नका. चाळ पुन्हा उभी राहत नाही, आणि गेलेली माणसं फोटोसाठी परत येत नाहीत.