खणातल्या सह्या आणि एक कागद

मी एक जुने टेबल आहे, मित्रांनो. समुद्राकाठच्या आमच्या प्रांतात नौका खात्याच्या मंत्र्यांसमोर मी उभे असते. सुतार एनॉसने मला घडवले, तेव्हा छातीवर क्रूस काढून तो म्हणाला होता, "देवा, ह्याच्यावर कुणाचं तरी भलं लिहिलं जाऊ दे."

मंत्री आले आणि गेले. जाताना माझ्या वरच्या खणात आपली सही करून जायची, अशी इथली रीत. आठ सह्या झाल्या होत्या आणि मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

बेटावरची एफी पार्डी दर नव्या मंत्र्याकडे यायची, हातात मुरंब्याची बरणी घेऊन. तिचा नवरा अँब्रोज हृदयाने अधू, दवाखाना इकडे किनाऱ्यावर, आणि संध्याकाळी पाचनंतर बेटावरून बोट नाही.

"साहेब, पाचनंतर माणसानं आजारी पडू नये, असा नियम आहे का?"

"संध्याकाळची बोट सुरू करू मावशी, नक्की!" प्रत्येक मंत्री म्हणायचा.

कागद तयार होईतो मंत्री बदलायचा. मग नवे नाव, नवी चौकशी.

"एफीबाई, तुझा मुरंबा खाऊन आठ जण गेले," चिटणीस ब्रायडी म्हणायची. "आता नवव्याला कारलं आण!"

नववे सिरिल हेफर्टन. माणूस भला. संध्याकाळच्या बोटीचा हुकूम त्यांनी स्वतः लिहवून घेतला. तो सहीसाठी माझ्यावर आला त्याच दुपारी फोन वाजला, त्यांचे खाते बदलले. त्यांनी खण उघडला आणि सावकाश, वळणदार सही केली.

ब्रायडीने हुकूम पुढे सरकवला. "साहेब, एवढंही करा. नव्या मंत्र्यांचा शपथविधी तीनला आहे, तोवर तुम्हीच मंत्री."

"जाता जाता हुकूम काढणं बरं दिसत नाही, ब्रायडी. येणारा करेल की."

नव्या मंत्रीबाईंनी सारे समजून घेऊन हुकमावर सही केली, ती बाविसाव्या दिवशी. एकोणिसाव्या दिवशी अँब्रोज धक्क्यावर, सकाळच्या बोटीची वाट पाहता पाहता वारला होता.

एफी आली. या वेळी हात रिकामे होते. ती ब्रायडीला म्हणाली,

"बोट सुरू झाली म्हणे. चांगलं झालं, बाई. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

ब्रायडीला तिच्याकडे बघवेना.

मित्रांनो, मला पॉलिश नको, फुलदाणी नको. उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्या टेबलापाशी बसलेच, तर एवढे करा. उठण्याआधी समोरचा कागद बघा. सहीचा खण तिथेच असतो. त्याला घाई नसते.