डाव्या पायाचा बूट

आमच्या घरात वाकळीचा एकच नियम आहे. जिने कापड कापलं, तिची वाकळ. टाके कुणीही घालावेत, शेजारणीने येऊन चहा पिता पिता घालावेत. पण जुन्या साड्यांचे, शर्टांचे तुकडे जिने कापले, बाळ तिच्या वाकळीत झोपलं असंच सगळे सांगतात. माझी मुलगी सौम्या माझ्या सासूबाईंच्या, चांगुणाबाईंच्या, वाकळीत वाढली. त्या वाकळीतले टाके सगळे माझे आहेत. माझं नाव कुणी घेत नाही आणि मला त्याचा राग येतो, हे आधीच सांगून टाकते.

आता सौम्याला गुलबर्ग्यात दिवस गेले, आणि इकडे कमठाण्यात सासूबाईंच्या हातात कात्री मिटेना. बोटांचे सांधे धरले होते. पतवंडाची वाकळ आपल्या हातून व्हावी एवढीच त्यांची इच्छा होती. त्या ती बोलून दाखवत नव्हत्या. कात्री उघडून धरायच्या, तिच्याकडे बघायच्या आणि परत डब्यात ठेवायच्या.

सौम्याला हे कळलं तेव्हा तिने एक कटर पाठवलं. हातात मावेल असा दांडा आणि पुढे फिरणारं गोल पातं. कापडावर दाबून ढकललं की कापड कापत जातं, बोटं मिटावी लागत नाहीत. सोबत खाली अंथरायची हिरवी चटई आणि कापडावर ठेवायची जाड, आरपार दिसणारी पट्टी होती. सासूबाईंनी एक चिंधी कापून बघितली. मग दुसरी कापली. मग माझा चांगला टॉवेल घेतला, तो मी काढून घेतला.

माझे यजमान विलास इथून जवळच्याच कोळारच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघतात. घरीही बघतात. आंघोळीला जाणाऱ्या माणसालाही हे दोन सूचना देतात. कटर बघितल्याबरोबर यांनी आईला जेवणाच्या टेबलापाशी उभं केलं.

"माय, पातं ढकलायचं ते आपल्यापासून लांब. अंगाकडं वढायचं न्हाई."

"व्हय."

"पट्टीवरची बोटं कडेपासून आत."

"व्हय."

"कटर हातातून खाली ठेवायच्या आधी पातं बंद. फोन वाजू दे, दारात कुणी येऊ दे, आधी पातं बंद."

"व्हय."

"आन् एक थेंब रक्त दिसलं तर कटर कपाटात."

"व्हय."

सासूबाई लेकाला इतक्या वेळा व्हय म्हणाल्या तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

हे कामावर गेले तशी चटई टेबलावरून जमिनीवर आली. सासूबाईंच्या गुडघ्यांना उभं राहणं झेपत नाही. शिवाय आमच्याकडे बाई कापायला बसते ती जमिनीवरच, आणि कापड धरते ते डाव्या पायाच्या अंगठ्याखाली. माझी आई तशीच बसायची, मीही तशीच बसते. सासूबाईंच्या डाव्या हातात जोर उरला नव्हता, पट्टी सरकत होती. म्हणून त्यांनी अंगठा पट्टीवर ठेवला. पातं नखाला वारा घालून पुढे गेलं. पट्टी मात्र जागची हलली नाही.

संध्याकाळी हे घरी आले आणि दारातच थांबले.

"माय, काय करायलीस?"

"तू सांगितलेलं करायलेय. लांब ढकलायलेय."

"आन् अंगठा?"

"त्याचं काय सांगितलं न्हवतंस."

यांनी कटर उचललं.

"रक्त निघालं का?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाई अजून."

"मग ठेव खाली."

यांनी पातं बंद केलं, कटर कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात घातली. बरोबरच होतं, मीही तेच केलं असतं. तरी मला यांचा फार राग आला.

सासूबाई भांडल्या नाहीत. त्यांनी तुकड्यांसाठी काढलेल्या साड्या आणि मामंजींचे दोन शर्ट माझ्याकडे सरकवले.

"मंगल, तूच काप. वाकळ तुझी."

हे ऐकायला मी आख्खा संसार थांबले होते. आता ऐकलं तर "भात लावायचाय, आत्याबाई," असं म्हणून मी उठले. भात कधीचाच झाला होता. हे स्वयंपाकघरात आले, झालेल्या भाताकडे आणि माझ्याकडे बघितलं आणि जेवायला बसले.

सकाळी यांनी कपाट उघडलं, कटर आईसमोर ठेवलं आणि शेजारी आपला कामावरचा डावा बूट ठेवला. पुढे लोखंडी टोपी असलेला, काळा, जड.

"हे घालून अंगठा ठेव."

"आणि तुम्ही काय घालणार?" मी विचारलं.

"तिथं स्टोअरला दुसरी जोडी हाय."

हे चपला घालून मोटरसायकलवर गेले आणि चहाचं भांडं विसळेपर्यंत परत आले म्हणावं इतक्या लवकर परत आले. स्टोअरला यांच्या मापाची जोडी नव्हती. चपलेतल्या माणसाला आत सोडायचं नाही, ही पाटी गेटवर यांनीच लावलेली. वॉचमन भीमण्णाने पाटीकडे बोट दाखवलं, "अण्णा, तुमीच लावलाव," म्हणाला आणि गेट लावून घेतलं. ही गोष्ट यांनी मला हळू आवाजात सांगितली. सासूबाईंना ऐकू गेलंच.

त्या जमिनीवर बसल्या होत्या. एक पाय अनवाणी, दुसऱ्यात लेकाचा बूट. मामंजींचा शर्ट कापून झाला होता. त्यांनी पातं बंद केलं, कटर खाली ठेवलं, मगच मान वर केली. लेकाच्या पायातल्या चपला त्यांना दिसल्या.

"बूट घे. उद्याला लागंल."

"कापून झालं का?"

"लांब तुकडे राहिल्यात. पट्टीचं दुसरं टोक हलायलंय."

हे दाराशी गेले. उजवा बूट तिथेच पडला होता. तो यांनी पायात घातला, नाडी बांधली, आईसमोर बसले आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकावर पाय ठेवला.

"आता वाकळ कुणाची म्हणायची?" यांनी विचारलं.

"कापायलंय कोण?"

"तू."

"मग विचारतोस कामून? पाय नीट ठेव."

मी चहा घेऊन आले. कप ठेवायच्या आधी पातं बंद आहे का बघितलं. बंद होतं. मग सुईत दोरा ओवला आणि माझे टाके घालायला बसले.