संपूर्ण अहवाल

टेलरमास्तरांनी दातांत धरलेली टाचणी काढली आणि मोबाइलवरचं 'संपूर्ण अहवाल मिळवा' हे बटण पुन्हा एकदा दाबलं. पैसे पहिल्याच दाबण्यात गेले होते.

हल्ली दुपारी एका अनोळखी नंबरावरून फोन यायचा आणि उचलण्याआधीच बंद व्हायचा. दुकानाच्या वाटणीवरून भांडून धाकटा भाऊ गेला, त्यानं नंबरही बदलला. पहिला फोन त्यानंच करायचा, अशी मास्तरांची शपथ होती. मिस्ड कॉल हा पहिला फोन धरावा की नाही, यावर घरात एकमत नव्हतं.

"उलटा फोन करून विचारा ना," बायको काजं करता करता म्हणाली.

"आणि तोच निघाला तर? नाक कोणाचं कापलं जाईल?"

"नसला तर?"

"मग कर्ज घ्या म्हणणारे असतील. त्यांना मी आपणहून फोन करू?"

म्हणून ही नंबराचा मालक शोधून देणारी कंपनी. चक्र बराच वेळ फिरलं. 'थक्क करणारी माहिती सापडली आहे' असं झळकलं. मग अहवाल उघडला. प्रकार : मोबाइल. देश : आपलाच. संभाव्य मालक : व्यक्ती किंवा संस्था.

"म्हशीचा नाही, एवढं तरी कळलं," बायको म्हणाली.

मास्तरांचं टाळकं सणकलं. गिऱ्हाइकाचं कापड घेऊन त्यांनी असा 'संभाव्य सदरा' हातात ठेवला असता, तर लोकांनी मशीन रस्त्यावर फेकलं असतं. त्यांनी कंपनीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"सर, माहिती उपलब्धतेनुसार मिळते," पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला.

"आणि माहिती उपलब्ध नसली तरी पैसे मात्र घेता?"

"पैसे परत मिळत नाहीत, सर. दिलगिरी म्हणून आणखी एक नंबर मोफत शोधा."

मास्तरांनी मुद्दाम स्वतःचाच नंबर घातला. चोराला मुद्देमालासकट धरायचं होतं. अहवाल आला. वय : सत्त्याऐंशी. व्यवसाय : नळदुरुस्ती. मास्तर एकेक ओळ मोठ्यानं, चवीनं वाचत गेले.

"आणि लोकांनी हा नंबर कुठल्या कुठल्या नावांनी ठेवलाय म्हणे, ते ऐका. मास्तर शर्टवाले. मास्तर उद्या या. मास्तर थापाडे..."

पुढच्या नावापाशी ते थांबले.

बायकोनं सुई खोचून ठेवली आणि वाकून पाहिलं. 'अण्णा'. गाव त्यांना मास्तर म्हणे, ती अहो म्हणे. अण्णा म्हणणारा जगात एकच होता.

"सर, समाधान झालं नसेल तर हा अहवाल आम्ही पुसून टाकतो."

"हात लावू नका," मास्तर म्हणाले. "लुटारू आहात तुम्ही. सगळं खोटं लिहिलंय. पण हात लावू नका त्याला."

त्यांनी फोन बंद केला, चष्मा सदऱ्याला पुसला आणि तो अनोळखी नंबर लावला. नंबर कोणाचा, हे अजूनही कोणालाच ठाऊक नव्हतं. पलीकडे घंटी वाजू लागली, तसे मास्तर उठून उभे राहिले.