छत्तिसावा आठवडा

व्हर्ना कोल्बेनं कागदांची चळत टेबलावर आपटून सरळ केली आणि पहिल्या बाकापासून वाटत निघाली. बाकांवर आज मुलं नव्हती, त्यांचे आईबाप होते. दर सप्टेंबरात एका संध्याकाळी पालकांनी मुलाचं वेळापत्रक हातात घेऊन वर्गावर्गातून फिरायचं, प्रत्येक तासाला दहा मिनिटं, मग घंटा. पंधरा वर्षांच्या पोरांसाठी केलेल्या बाकांत पोटं सांभाळत बसलेली ही मोठी माणसं पाहून व्हर्नाला दरवर्षी हसू येई आणि दरवर्षी ती ते गिळून टाकी.

‘जागतिक संस्कृती : या वर्गात काय अपेक्षित आहे’ असं कागदाच्या डोक्यावर छापलं होतं. खाली छत्तीस आठवडे, छत्तीस ओळी. तळाशी सहीसाठी दोन रेघा, एक विद्यार्थ्याची, एक पालकाची. एकोणीस वर्षांत या कागदावर बदललं होतं ते फक्त साल.

“फोन काढून घेता का हो वर्गात?” एका बाईनं विचारलं.

“घेते.”

“घ्याच. आमच्या हातून नाही होत ते.”

सगळे हसले. मग कुणी फेरपरीक्षेचं विचारलं, कुणी गृहपाठाचं. शेवटच्या बाकावरच्या माणसानं विद्यार्थ्यासारखा हात वर केला. खिडक्यांच्या कारखान्याचं जाकीट त्याच्या अंगावर होतं. पाळी अर्ध्यावर सोडून आला असावा. शेजारी त्याची मुलगी काझुआ टोपीच्या नाड्या ओढत उभी होती. अमेरिकेतल्या या गावात लाओसहून आलेल्या मोंग लोकांची घरं पुष्कळ. व्हर्नाच्या अठ्ठावीस मुलांतली सहा त्यांच्यातलीच.

तो मुलीशी त्यांच्या भाषेत चांगला मिनिटभर बोलला.

“बाबा म्हणतात, थँक यू,” काझुआ म्हणाली.

“एवढंच?”

“बाबा जरा जास्तच बोलतात, मॅडम.”

पुन्हा हशा झाला. काझुआचा बाप न्हिया लोर हसला नाही. त्यानं कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि स्वतःच बोलू लागला, एकेक शब्द निवडून.

“आठवडा छत्तीस. व्हिएतनामचं युद्ध, लाओस. हे शिकवणार?”

“हो तर. वेळ मिळाला की नक्की.”

त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून दोन जुने कागद काढून बाकावर ठेवले. कडा पिवळ्या पडलेल्या, घड्या मात्र व्यवस्थित.

“हा मोठ्या मुलाचा. हा मधल्या मुलीचा. दोन्हीवर सही माझी. जूनमध्ये मुलाला विचारलं. म्हणाला, हिटलरपर्यंत झालं. मग मुलीला विचारलं. ती पण म्हणाली, हिटलर.”

पुढच्या बाकावर कुणीतरी हसायला लागलं आणि थांबलं.

“इथं बर्फाच्या किती सुट्ट्या पडतात, तुम्हाला ठाऊकच आहे,” व्हर्ना म्हणाली. “मग वसंतात सरकारी परीक्षा. मे महिना हातात येतो कुठे?”

हे सगळं खरं होतं. एकोणीस वर्षं ती ते सांगत आली होती आणि आजवर कुणी उलटून काही विचारलं नव्हतं.

“ही शेवटची,” मुलीकडे मान वळवून तो म्हणाला. “हिच्यामागे कुणी नाही.”

“पण तुम्ही घरी सांगितलं असेलच की मुलांना.”

“दोनदा सुरू केलं. पुढे जात नाही. माझ्यानं नाही होत. शाळेत सांगा.”

काझुआ जमिनीकडे बघत होती. घंटा झाली. पालक बाकांतून सुटायची धडपड करू लागले. न्हिया लोर टेबलाशी आला आणि या वर्षीचा कागद व्हर्नासमोर ठेवला. मुलीची सही झाली होती, त्याचीही.

“मी तीन वेळा सही केली. तुमची कुठे असते?”

“शिक्षकांची नसते यावर.”

“हं,” तो म्हणाला. कागद तसाच ठेवून तो दाराकडे वळला.

“सॉरी हां मॅडम, ते असेच आहेत. बाबा, चला ना! गणिताला उशीर होतोय.”

सकाळी व्हर्ना लवकर आली. समोरच्या वर्गातला डेल कॉफीचा मग घेऊन दारात उभा होता. तिनं त्याला कालचं सांगितलं.

“अगं, हिटलरपाशी सगळ्यांचीच गाडी अडते,” तो म्हणाला. “एका वर्षी तर मी नेपोलियनवरच सुट्टीला लागलो. कुणाला पत्तासुद्धा नाही.”

“तो आठवडा आधी घेतला तर?”

“आणि शुक्रवारची चाचणी? जिल्हाभर एकच पेपर आहे, बाई. तू इकडेतिकडे गेलीस की पोरांचे गुण जाणार आणि बोलणी तू खाणार. गेल्या वर्षी खाल्लीस तेवढी पुरे नाहीत का?”

गेल्या वर्षी तिच्या वर्गाचे गुण जिल्ह्यात खालून तिसरे होते आणि मुख्याध्यापिकेनं तिला दोनदा बोलावून घेतलं होतं. व्हर्ना आपल्या वर्गात गेली.

तिनं लोखंडी कपाटाचा खालचा खण ओढला. छत्तीस आठवड्यांच्या छत्तीस फायली, प्रत्येकीवर तिच्याच अक्षरात आकडा. इजिप्तची फुगून फाटायला आलेली, रोमची दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली. छत्तिसावी तिनं टेबलावर घेऊन उघडली. आत काही नव्हतं. एक नकाशा नाही, एक टिपण नाही, एकोणीस वर्षांत एक कागदसुद्धा नाही. या खणात तर कधी बर्फ पडला नव्हता. व्हर्नाला लाज वाटली, इतकी की वर्गात कुणी नसतानाही तिनं मान वर केली नाही.

मग तिनं अकराशे पानांचं पाठ्यपुस्तक घेतलं आणि शेवटच्या सूचीत लाओस शोधलं. अर्धा परिच्छेद होता. अमेरिकेच्या बाजूनं लढलेले मोंग लोक युद्ध हरल्यावर जीव घेऊन पळाले, मेकाँग नदी पोहून पलीकडे थायलंडला गेले, पुष्कळ जण बुडाले. तिनं ते पुन्हा वाचलं. दर वर्षी वर्गात पाच-सहा लोर, व्हांग, शिओंग यायचे, त्यांची आडनावं ती बिनचूक उच्चारायची आणि स्वतःवर खूश असायची. हे पान तिनं आज पहिल्यांदा उघडलं होतं.

वर्षाचा दुसरा आठवडा चालू होता, पहिल्या तासाला फळ्यावर नाईल आणि युफ्रेटिस होत्या. आदल्या दिवशीचा गृहपाठ नेहमीचाच होता, ‘नदी तुमच्या घराला काय देते? तीन ओळी लिहा.’ मुलं जोडीनं नकाशे रंगवायला लागली तशी व्हर्ना गृहपाठाचे कागद तपासत बसली. पाणी, मासे, होडी. वीज. मामाची होडी. मग काझुआचा कागद आला.

‘नदी पाणी देते. नदी मासे देते, माझे काका उन्हाळ्यात खूप पकडतात. बाबा नदीवर येतात, पण गाडीतून उतरत नाहीत.’

व्हर्नाच्या हातातलं लाल पेन तिसऱ्या ओळीवर थांबलं. तिनं काझुआला टेबलाशी बोलावलं आणि आवाज खाली आणला.

“का गं उतरत नाहीत?”

काझुआनं खांदे उडवले. “माहीत नाही. पूर्वी विचारायचे मी. म्हणायचे, शाळेत सांगतील.”

“बरं. जा, बस.”

मुलगी नकाशाकडे परतली. तिनं नाईल निळी रंगवत आणली होती, अजून समुद्राला मिळायची होती. व्हर्नानं कालचा सह्यांचा कागद ओढून घेतला. न्हिया लोरच्या सहीखाली तिनं पट्टीनं तिसरी रेघ मारली, तिच्यावर सही केली, तारीख घातली. तो कागद आणि गृहपाठाचा कागद तिनं छत्तिसाव्या फायलीत ठेवले. मग खाली वाकून खण उघडला आणि ती फाईल दुसऱ्या आणि तिसऱ्या फायलींच्या मध्ये लावली.